तवा सुटतो, पेन्शन अडकते

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती आणि नियम समितीचे सन्माननीय सदस्य,
मुंबई उच्च न्यायालय

विषय : दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी बँक खात्यावर येणारी जप्ती

महोदय,



नवी मुंबईतल्या बँक शाखांमध्ये नोकरी करून मी निवृत्त झालो. वाशी, कोपरखैरणे आणि शेवटी नेरूळ. कोर्टाचा जप्तीचा हुकूम शाखेत आला की तो आवक रजिस्टरला नोंदवायचा, खातं शोधायचं, त्यावर लियन लावायचं, म्हणजे रक्कम अडवून ठेवायची, आणि कोर्टाला उलट कळवायचं, हे काम बराच काळ माझ्या टेबलावर होतं. त्या टेबलावरून जे दिसायचं ते न्यायासनापर्यंत पोहोचत नाही, कारण तिथवर ते नेण्याचं काम कुणाकडेच नाही. म्हणून हे पत्र. कर्ज बुडवणाऱ्यांची वकिली करायचा माझा इरादा नाही. माझी हयात कर्ज देणाऱ्या संस्थेत गेली आणि घेतलेलं कर्ज फेडलं पाहिजे याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. माझं म्हणणं आहे ते एका कागदाबद्दल आणि त्या कागदात नसलेल्या चार ओळींबद्दल.

तो कागद घेऊन बेलापूरच्या किंवा ठाण्याच्या कोर्टातला बेलिफ येतो, बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीच्या आगेमागे. वर ‘रेग्युलर दरखास्त’ किंवा ‘स्पेशल दरखास्त’, त्यापुढे नंबर आणि साल. खाली दरखास्तदार, म्हणजे वसुली मागणारा, त्याखाली ऋणको, मग हुकूमनाम्याची रक्कम, व्याज, दरखास्तीचा खर्च. मजकुराचा मथितार्थ असा, की या इसमाचं तुमच्याकडे जे येणं असेल ते त्याला देऊ नका. कोर्टात भरा, नाहीतर का भरत नाही ते येऊन सांगा. गोल शिक्का आणि सही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मधला नियम ४६ आणि १९७६च्या दुरुस्तीने आलेला नियम ४६-अ यांच्या पोटातून हा कागद निघतो. बँकेत आम्ही त्याला ‘गार्निशी’ म्हणतो. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षांना बसलेल्या कुणालाही विचारा, गार्निशीवर एक प्रश्न ठरलेला.

त्या परीक्षेचं उत्तर आम्हाला पाठ असतं. हुकूम बजावला त्या क्षणी खात्यात जी शिल्लक असेल तेवढीच जप्त होते. पुढे जमा होणारी रक्कम त्यात येत नाही. हुकूम एकट्याच्या नावाने असेल तर संयुक्त खात्याला तो लागू होत नाही. वटायचा असलेला चेक आणि न वापरलेला ओव्हरड्राफ्ट यांनाही नाही. पेपरात हे लिहिलं की गुण मिळतात. शाखेत मात्र वेगळं घडतं. कागद हातात पडला की साहेब म्हणतात, ‘आधी होल्ड मार, मग बघू.’ आणि होल्ड मारला जातो तो त्या दिवशीच्या शिल्लकेवर नाही, हुकूमनाम्याच्या पूर्ण रकमेवर. खात्यात नऊ हजार असोत, लियन तीन लाख साठ हजारांचं. मग पुढच्या महिन्यात जे येईल ते आपोआप त्या खड्ड्यात जातं. कधी कधी सरळ डेबिट फ्रीझच. यामागे दुष्टपणा नाही, भीती आहे. नियम ४६-ब सांगतो, की बँकेने पैसे भरलेही नाहीत आणि कारणही दाखवलं नाही, तर हुकूमनामा जणू बँकेवरच आहे असं समजून वसुली होऊ शकते. कमी अडवलं तर बँकेच्या खिशाला चाट. जास्त अडवलं तर विचारणारं कुणी नाही. दोन्हींत कारकून काय निवडेल हे सांगायला नको.

एक प्रसंग सांगतो. माणसाचं आणि बँकेचं नाव देत नाही. महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, कोपरखैरण्याला सिडकोच्या छोट्या घरात राहणारे. भाच्याने टेम्पो घेतला तेव्हा हे जामीन राहिले होते. भाच्याचे हप्ते थकले, दावा झाला. कर्जाच्या कागदावर पत्ता होता तुर्भ्याच्या जुन्या भाड्याच्या खोलीचा. ती सोडून यांना कैक वर्षं झालेली. समन्स त्या दारावर डकवलं गेलं, एकतर्फी हुकूमनामा झाला आणि यांना यातलं काही कळलं ते एटीएमने पैसे नाकारले त्या दिवशी. इन्सुलिन आणायला निघाले होते. तसेच शाखेत आले, काउंटरवर पासबुक उघडून माझ्यासमोर धरलं आणि बोट फिरवत म्हणाले, ‘साहेब, हे बघा. यात पेन्शनशिवाय दुसरा एक पैसा दिसतो का तुम्हाला?’

पान मला अजून आठवतं. महिनाअखेरीच्या तारखा एकाखाली एक आणि प्रत्येकीपुढे छापील ‘पेन्शन’. मधूनमधून गॅसच्या सबसिडीचे थोडे रुपये आणि तिमाहीचं व्याज. बाकी सगळे खर्चाचे रकाने : वीजबिल, औषधं, दर महिन्याच्या सुरुवातीला काढलेले घरखर्चाचे पैसे.

मी म्हटलं, ‘काका, दिसतंय. पण कागदावर कोर्टाचा शिक्का आहे.’

‘मग तुम्हाला जे दिसतंय ते कोर्टाला सांगा ना.’

महोदय, मला या पत्रात जे म्हणायचंय ते सगळं त्या एका वाक्यात आहे. बँकेला दिसतं, कोर्टाला दिसत नाही. आणि ज्याला दिसतं त्याने सांगावं अशी सोय कागदात नाही. ‘येऊन कारण दाखवा’ हे शब्द बँकेपुरते आहेत. ग्राहकाचा पैसा कोणत्या जातीचा आहे हे बँकेने सांगावं, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. काकांना वकील गाठायला सांगितलं गेलं. वकिलाची फी होती त्याच गोठलेल्या खात्यात. शेजाऱ्याकडून उसने घेऊन त्यांनी अर्ज केला. तोवर पुढच्या महिन्याची पेन्शन येऊन तीही अडकली होती. तारीख लागली तेव्हा न्यायाधीशांनी पासबुकाची पानं उलटली आणि रक्कम मोकळी करायचा हुकूम दिला. कोर्टात काही अवघड घडलंच नाही. कायदा पहिल्या दिवसापासून काकांच्या बाजूने होता, फक्त तो त्यांच्यापर्यंत यायला दोन पेन्शनी गेल्या.

तो कायदा काय म्हणतो हे आपल्याला सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण हे पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्यांत जामीनदारही असतील. १९०८च्या संहितेतलं कलम ६० हे मला फार माणुसकीचं कलम वाटतं. हुकूमनामा कितीही मोठा असो, काय जप्त करायचं नाही याची त्यात यादी आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता न येणारे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, त्याची गुरं, बी-बियाणं. निवृत्तांची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी. मजुराची आणि घरकामगाराची मजुरी, पूर्णच्या पूर्ण. पगारदाराच्या पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग. कर्जदाराकडून ‘माझा हा हक्क मी सोडला’ असं आधीच लिहून घेतलं तरी तो करार रद्दबातल, असंही पोटकलम १-अ सांगतं. ज्याने हे लिहिलं त्याला माणूस कर्जात बुडाला तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटली पाहिजे हे कळत होतं.

पण त्याच्या डोळ्यांसमोरचा पैसा हातात यायचा, डब्यात जायचा, खात्यात नाही. कलमाखालचं पहिलं स्पष्टीकरण म्हणतं, की ही रक्कम देय होण्याआधी किंवा देय झाल्यानंतर, दोन्ही वेळी सुरक्षित आहे. देऊन झाल्यावर काय, हे ते सांगत नाही. देय आणि दिलेली यांच्यामधल्या त्या फटीत आज अख्खी पेन्शन पडते. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीपुरती ती फट सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात बुजवली : निवृत्ताच्या हातात पडली म्हणून या रकमेचं स्वरूप बदलत नाही, संरक्षण तसंच राहतं. म्हणजे निकाल येऊनही इतकी वर्षं झाली. शाखेत येणाऱ्या कागदावर मात्र त्याचा मागमूस नाही. जो निकाल छापील नमुन्यात उतरला नाही तो कारकुनासाठी लागलेलाच नसतो, हे मी चाकरीच्या अनुभवावरून सांगतो.

पगाराचं तर आणखी विचित्र आहे. समजा रबाळ्याच्या कारखान्यात एकाला पंचवीस हजार पगार आहे. कोर्टाने पगारावर जप्ती आणली, तर हुकूम कंपनीला जातो आणि कंपनी हिशोब करते : पहिले हजार वगळा, उरलेल्या चोवीस हजारांतले सोळा हजार वगळा, कापायचे ते आठ हजार. सतरा हजार त्याच्या घरी जातात. अशी कपात चोवीस महिने झाली, की त्या हुकूमनाम्यासाठी पगाराला पुन्हा कधीच हात लावता येत नाही. आता दरखास्तदाराने कंपनीऐवजी बँकेचा पत्ता दिला, तर तोच पगार खात्यात पडल्या पडल्या पंचवीसच्या पंचवीस हजार अडकतात. ३० तारखेला अकाउंट्स विभागात सुरक्षित असलेले सतरा हजार १ तारखेला बँकेत बेवारस. वसुली करणाऱ्या वकिलांना हे चांगलं ठाऊक आहे. ते पगाराच्या वाटेला जातील कशाला?

एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण वाहणारा माथाडी घ्या. त्याची मजुरी कायद्याने शंभर टक्के जप्तीमुक्त. ती मंडळामार्फत त्याच्या बँक खात्यात जमा होते. खात्यावर गार्निशी आली, की तिथे मजुरी, बायकोने शिवणकामाचे भरलेले पैसे, गावाकडून भावाने पाठवलेली रक्कम असा भेद कोण करणार? आणि खात्यात पैसा यावा हा त्याचा हट्ट नव्हता. जनधन २०१४ साली आलं. २०१७च्या वेतन प्रदान दुरुस्तीने कामगाराच्या लेखी संमतीशिवाय पगार थेट खात्यात टाकायची मुभा मालकांना मिळाली. सबसिडी खात्यात, पेन्शन खात्यात, लाडक्या बहिणीचे पैसे खात्यात. सरकारने सगळा पैसा हाताला धरून बँकेत नेऊन बसवला आणि त्याचं चिलखत मात्र घरीच राहिलं.

पगारातल्या त्या एक हजार रुपयांबद्दलही एक शब्द. पूर्वी तो आकडा चारशे होता. १९९९च्या दुरुस्तीने हजार केला आणि तो १ जुलै २००२ पासून लागू झाला. तेव्हापासून तिथेच आहे. योगायोग बघा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांना ईपीएस-९५ची किमान पेन्शनही २०१४ पासून हजारच. माणसाला जगायला हजार रुपये पुरतात असं दिल्लीत कुणाच्या तरी डोक्यात पक्कं बसलेलं दिसतं. हा आकडा आपल्या हातात नाही, कलम संसदेचं आहे किंवा फार तर राज्य विधिमंडळाचं, त्यामुळे तो इथे सोडतो.

आपल्या हातात जे आहे त्याकडे वळण्याआधी दुसऱ्या बाजूचं बोलायला हवं. हुकूमनामा मिळवणं सोपं, वसूल करणं कठीण, हे दुखणं नवं नाही. भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच म्हणून ठेवलंय. दरखास्तदार म्हणजे दरवेळी मोठी बँक नसते. सोसायटीने पैसे थकवलेला कंत्राटदार असतो, भावाने फसवलेली बहीण असते, पोटगीसाठी नवऱ्यामागे फिरणारी बाई असते. पोटगीच्या बाबतीत तर कायद्याने मुद्दाम वेगळा हात राखलाय. पगाराचा दोन-तृतीयांश भाग तिथे जप्त होऊ शकतो, आणि तसंच असायला हवं. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या दरखास्तींचा हिशोब मागवला तेव्हा ८ लाख ८२ हजारांहून अधिक प्रलंबित निघाल्या आणि त्यांत सगळ्यांत मोठा वाटा आपल्या उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतला होता, ३ लाख ४० हजारांच्या वर. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. म्हणजे येत्या काळात जिल्हा न्यायालयांतून गार्निशीचे कागद पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने सुटणार. ते सुटलेच पाहिजेत. पण म्हणूनच कागद आत्ता दुरुस्त व्हावा. लाखोंनी छापून गेल्यावर नव्हे.

कारण हुकूमनामे कसे होतात हेही डोळ्यांआड करून चालणार नाही. दारावर डकवलेल्या समन्सचं सांगितलंच. हुकूमनामा दोन वर्षांच्या आतला असेल तर वसुलीआधी ऋणकोला नोटीस देणं नियम २२ प्रमाणे बंधनकारक नाही; खातं गोठल्याचं कळतं तीच नोटीस. मोबाइलवरून घेतलेल्या कर्जांत वेगळीच तऱ्हा आहे. करारातल्या बारीक अक्षरांत लवादाचं कलम असतं. लवाद बसतो दूरच्या शहरात, नोटीस येते ईमेलवर आणि ती ऐरोलीच्या पोराच्या प्रमोशनल मेलच्या ढिगाऱ्यात पडून राहते. १९९६च्या कायद्याच्या कलम ३६ मुळे लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच वसूल होतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला तीस दिवस मिळतात. हुकूम झाला हेच ज्याला माहीत नाही त्याला ते दिवस पुन्हा कळलेल्या तारखेपासून मोजून मागावे लागतात, त्यासाठी पुन्हा वकील.

हे सगळं महाराष्ट्राने एकदा पाहिलेलं आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जखतांची होळी केली आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. शाळेच्या पुस्तकात सावकार खलनायक आहे. पण चौकशीला बसलेल्या आयोगाला दिवाणी कोर्टांचाही मोठा हात दिसला : शेतकरी हजर होत नाही, एकतर्फी हुकूमनामा होतो, कोर्टाची सगळी यंत्रणा सावकाराच्या वसुलीला जुंपली जाते. म्हणून १८७९च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने कोर्टांनाच काम लावलं. खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासा, प्रतिवादी शेतकऱ्याची स्वतः जबानी घ्या, स्पष्टपणे तारण दिलेली नसेल तर जमीन विकू नका, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नका. शेतकऱ्याने येऊन कलम दाखवावं, अशी अपेक्षा त्या कायद्याने केली नाही. तपासायची जबाबदारी यंत्रणेवर टाकली. त्या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे १८९३ साली ते आपल्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

आता मागणं. संहितेच्या कलम १२२ ने उच्च न्यायालयाला पहिल्या परिशिष्टातले नियम बदलायचा, वाढवायचा अधिकार दिलाय. कलम १२३ ची नियम समिती त्यासाठीच आहे. आदेश २१ त्या परिशिष्टात येतो. कलम ६० ला धक्का न लावता, त्यातलं संरक्षण प्रत्यक्षात यावं एवढ्यासाठी नियम ४६-अ मध्ये आणि त्याच्या नमुन्यात भर घालता येईल. शब्द विद्वानांनी बसवावेत, मी आशय सांगतो. हुकूम मिळाल्यावर बँकेने त्या खात्याच्या मागच्या दोन महिन्यांतल्या जमा रकमा पाहाव्यात. त्यांत पेन्शन, ग्रॅच्युइटी, मजुरी, पगार किंवा सरकारी अनुदान असेल तर कलम ६० ने वाचवलेला भाग मोकळा ठेवावा आणि उरलेल्यावरच लियन लावावं. काय मोकळं ठेवलं आणि का, ते कोर्टाला एका तक्त्यात कळवावं. लियन बजावणीच्या दिवशीच्या शिल्लकेवरच असावं. खातेदाराला त्याच दिवशी एसएमएस आणि पत्र जावं आणि पत्रासोबत मराठीत एक पानाचा हरकत अर्ज असावा, जो वकिलाशिवाय भरता येईल. दरखास्तदाराला बँकेचा तक्ता मान्य नसेल तर त्याने हरकत घ्यावी. वाद ठरवायची सोय नियम ४६-क मध्ये आहेच. सिद्ध करायचं ओझं फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर जाईल, आणि तो दुसरा खांदा वकील परवडणारा आहे.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत मे २०११ पासून अगदी हेच चालतं. सामाजिक सुरक्षेसारख्या केंद्र सरकारी रकमा खात्यात येताना खूण घेऊन येतात. कोर्टाचा हुकूम आला की बँक मागचे दोन महिने तपासते आणि तेवढी रक्कम आपणहून मोकळी ठेवते. ग्राहकाला अर्जही करावा लागत नाही. जर्मनीने २०१० पासून आणखी सरळ वाट काढली : माणसाने आपलं एक खातं संरक्षित म्हणून नोंदवायचं, त्यात दरमहा ठरलेली रक्कम जप्तीबाहेर राहते आणि तो आकडा दर जुलैत सुधारतो. आमच्या हजारासारखा वर्षानुवर्षं बसून राहत नाही.

माझे जुने सहकारी म्हणतील, शाखेत माणसं आहेत कुठे हे तपासायला? त्यांना माझं उत्तर आहे. पेन्शन केंद्रीकृत प्रक्रिया केंद्रातून येते आणि खात्यावर तशी नोंद असते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला आणला नाही तर डिसेंबरची पेन्शन थांबवायला बँकेला बरोबर कळतं की हा पेन्शनर आहे. मग गार्निशी आली त्या दिवशी कसं कळत नाही? पगार एनएसीएचमधून येतो, अनुदान आधार पेमेंट ब्रिजवरून, प्रत्येकाला आपापला संकेत आहे. कर्जाचा हप्ता पाच तारखेला पहाटे कापणारं संगणक यंत्र दोन महिन्यांच्या जमा नोंदी चाळू शकत नाही, हे मला कुणी पटवू नये. खरं कारण एवढंच की कुणी सांगितलेलं नाही. आणि सांगितल्याशिवाय बँक हलत नाही, हे आपल्या नागपूर खंडपीठाने २०२० साली पाहिलंच आहे. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठाच्या पेन्शनमधून भारतीय स्टेट बँकेने जादा दिल्याच्या नावाखाली परस्पर वसुली चालवली होती. खंडपीठाने ती रक्कम परत करायला लावली आणि वर पन्नास हजार रुपये खर्चापोटी द्यायला लावले.

एका मर्यादेची मला जाणीव आहे. वसुलीच्या सगळ्या वाटा आपल्या दिवाणी न्यायालयांतून जात नाहीत. वाशी स्टेशनाशेजारी, रघुलीला मॉलला लागून, कर्जवसुली न्यायाधिकरण क्रमांक तीन आहे. वीस लाख आणि त्यावरची बँकांची प्रकरणं तिथे चालतात. तिथल्या वसुली अधिकाऱ्याला बँकेकडून थेट पैसे मागवायचा अधिकार १९९३च्या कायद्याच्या कलम २८ ने दिलाय. मात्र कलम ६० ने सुटलेली रक्कम वगळून, असं त्याच कलमात लिहिलेलं आहे. पतसंस्था आणि नागरी सहकारी बँका सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला आणतात, आणि नियम १०७ खालचा विशेष वसुली अधिकारी पुष्कळदा त्याच संस्थेचा नोकर असतो. हा प्रकार मला कधीच पचला नाही, पण त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. नवी मुंबईतले निम्मे जामीनदार या १०१ च्या वाटेवर भेटतात, असं मी अनुभवावरून म्हणेन. पतपेढीत शेजाऱ्यासाठी सही केलेली असते आणि कंत्राट कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. या अधिकाऱ्यांना आपला नियम थेट लागू होणार नाही. पण बँकांची संगणक प्रणाली एकदा दिवाणी हुकुमासाठी बदलली, की वसुली अधिकाऱ्याच्या कागदासाठी तीच चालेल. शाखेला दोन पद्धती ठेवायची हौस नसते.

नियम बदलायला वेळ लागतो हे मान्य. समिती बसेल, मसुदा होईल, राज्य सरकारची मान्यता, मग राजपत्र. तोवर एक गोष्ट प्रशासकीय पातळीवर करता येण्यासारखी आहे. नवी मुंबई दोन जिल्ह्यांत वाटलेली आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाण्यात आणि खारघर, कळंबोली, पनवेल रायगडात. दोन्ही जिल्हा न्यायाधीशांना एक परिपत्रक जावं, की बँक खात्यावरच्या प्रत्येक जप्ती हुकुमाखाली २००८च्या निकालाचा उल्लेख करून एक ओळ उमटवावी : ‘सदर खात्यात पेन्शन, ग्रॅच्युइटी वा मजुरीची रक्कम असल्यास ती न अडवता तसे या न्यायालयास कळवावे.’ ती ओळ घालण्यासाठी लागणारा रबरी शिक्का वाशीच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात दुसऱ्या दिवशी मिळतो, आणि परिपत्रक निघालं तर दोन्ही जिल्ह्यांसाठी तो स्वखर्चाने करून द्यायची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी
नेरूळ, नवी मुंबई